बॉल मीच बनवला

सामना कोणी जिंकला, हे वाचक आठवडाभरात विसरतो. सामन्यात लबाडी कोणी केली, हे तो विसरत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचे क्रीडा पान अनेक वर्षे सांभाळल्यावर एवढे एक विधान खात्रीने करता येते. शतक ठोकणाऱ्याचे नाव विचारायला कार्यालयात कोणी फोन करत नसे. दक्षिण आफ्रिकेतल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूने चेंडूला पॉलिश पेपर घासल्याची बातमी आली, तेव्हा मात्र फोन दिवसभर वाजत होता. त्या हंगामात गावोगावच्या मैदानांवर गोलंदाज धावायला लागला की प्रेक्षकांतून आवाज यायचा, "खिसा दाखव बे! सुताराचा कागद आनला काय?"

हे पान कसे चालते, ते आधी सांगतो. देश-परदेशातल्या बातम्या वृत्तसंस्थेकडून इंग्रजीत येतात. उपसंपादक त्यांचे मराठी करतो. स्थानिक सामन्यांना स्वतः जावे लागते किंवा आयोजक फोनवर धावफलक सांगतात. पान संध्याकाळी लागते. ते छपाईला नागपूरला गेले की त्यात बदल करणे अवघड असते. त्यामुळे बातमी खरी की खोटी, हे ठरवायला जेवढा वेळ हवा त्याहून तो नेहमी कमी मिळतो.

भाषांतरात होणाऱ्या चुका वेगळ्याच जातीच्या असतात. अमेरिकेतल्या बेसबॉलमधल्या एका गाजलेल्या लबाडीची बातमी आली होती. बेसबॉलमध्ये फलंदाजाच्या मागे बसलेला खेळाडू बोटांच्या खुणा करून चेंडू कसा टाकायचा ते पिचरला, म्हणजे तिथल्या गोलंदाजाला, सांगतो. एका संघाने कॅमेरा लावून या खुणा पाहिल्या आणि कचऱ्याचा डबा वाजवून आपल्या फलंदाजाला इशारे दिले. इंग्रजीत खुणेला जो 'साइन' शब्द आहे, तो सहीच्याही जवळ जातो. आमच्या उपसंपादकांच्या टेबलावर घाई होती. दुसऱ्या दिवशी मथळा छापून आला: 'बेसबॉल संघाने सह्या चोरल्या'.

सकाळी कोरपन्याहून एका निवृत्त तलाठ्याचा फोन आला.

"सह्या चोरून मॅच कशी जिंकते जी? चेक-गिक होता काय?"

मी खुणांचा प्रकार समजावून सांगितला. ते शांतपणे ऐकत होते.

"मंग खुना लिहा ना सिध्ध्या. आमच्या इथी पत्ते खेळतानी डोळा मारून सांगते, तसं. उगाच तलाठ्याच्या सहीले बदनाम करता."

बेसबॉल आणि क्रिकेट यांच्या लबाडीत एक मूलभूत फरक आहे. तो कळला तर पुढचे सगळे सोपे होते. बेसबॉलमध्ये चेंडू जरा मळला की बाहेर जातो आणि नवा येतो. तिथे पिचर थुंकी, व्हॅसलीन किंवा डांबरासारखे चिकट काही लपवून लावतो, आणि ते पकडले की गुन्हा स्पष्ट असतो. क्रिकेटमध्ये एकच चेंडू तासन्‌तास चालतो. तो जुना होणे हा खेळाचा भाग आहे. एक बाजू खरबरीत आणि दुसरी चकचकीत राहिली तर जुना चेंडूही हवेत वळतो. म्हणून क्षेत्ररक्षण करणारा संघ एक बाजू कपड्यावर घासत राहतो. घाम लावता येतो. थुंकी पूर्वी चालायची; करोनानंतर ती बंद झाली. नख, दगड, कागद, बाटलीचे झाकण यांना कधीच परवानगी नव्हती. म्हणजे चेंडू एका बाजूने झिजू देणे हे कौशल्य, आणि तो झिजवणे ही लबाडी. या दोहोंमधली रेघ बारीक आहे. पंचांना ती मैदानावर ओळखावी लागते आणि बातमीदाराला मैदानाबाहेर.

ही रेघ ओळखायला लोक थेट कार्यालयात येत. टेनिस बॉलच्या स्पर्धेत एका गावाचा कर्णधार हरल्यावर चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आला. स्पर्धेचे बक्षीस बकरा होते. त्याचे म्हणणे असे की प्रतिस्पर्ध्यांनी चेंडू पाण्यात बुडवून जड केला.

"याचा फोटो छापा, भाऊ. वरती लिहा, बेइमानीचा बॉल."

चेंडू कोरडा होता. मी तसे म्हणालो.

"आता तं सुखलाच ना! तुमी मॅचच्या टायमाले याले पायजे होतं."

"बकरा कुठे आहे?"

"तो तं त्यायनं खाल्ला."

पुरावा वाळला होता आणि मुद्देमाल शिजला होता. बातमी लागली नाही. तो कर्णधार नंतर बराच काळ आमच्या वृत्तपत्राला विकाऊ म्हणत असे. दोन्ही बाजूंचे बोलणे आणि हाताला लागेल असा एक पुरावा, यांशिवाय कोणाला लबाड म्हणायचे नाही, हा टेबलावरचा नियम होता. तो सोपा वाटतो. नियमाची परीक्षा मात्र आरोप करणारा रागावलेला कर्णधार नसून जबाबदार माणूस असतो तेव्हा होते.

ती वेळ भद्रावतीच्या मैदानावर आली.

महिलांची निमंत्रित संघांची स्पर्धा होती. लेदर बॉल, चाळीस षटके. यजमान संघ भद्रावतीचा. समोर गडचिरोली जिल्ह्याचा संघ. त्यात रोशनी नावाची मध्यमगती गोलंदाज होती, वय एकवीस-बावीस. आडनाव देत नाही. तिचे गाव सूरजागडच्या डोंगराच्या अलीकडे, एटापल्ली तालुक्यात. घरी गोंडी बोलत. मराठी ती शाळेत शिकली आणि क्रिकेट तालुक्याच्या मैदानावर हिंदी बोलणाऱ्या प्रशिक्षकाकडे. प्रादेशिक शिबिरासाठी तिचे नाव गेले होते. त्या गावातून क्रिकेटसाठी बाहेर पडलेली ती पहिली मुलगी. तिच्यामागे आणखी दोघी तालुक्याला सरावाला येऊ लागल्या होत्या, आणि त्यांच्या घरचे लोक रोशनीचे काय होते याकडे पाहून होते. हे तिच्या कर्णधाराने सामन्याआधी सहज बोलताना सांगितले होते.

भद्रावतीचा डाव सुरुवातीला चांगला चालला. मग चेंडू जुना झाला आणि रोशनी गोलंदाजीच्या दुसऱ्या टप्प्यासाठी आली. चेंडू उशिरा आत येऊ लागला. दोन त्रिफळे उडाले, एक पायचीत, एक झेल. डाव कोसळला. यजमान संघाच्या व्यवस्थापकांनी सीमारेषेवरून ओरडायला सुरुवात केली.

"अंपायर! बॉल दरवेळी तिच्याकडंच काऊन जाते? बॉलिंग दुसरीची अन बॉल तिच्याकडं! पाहा ना जरा!"

निरीक्षण खरे होते. प्रत्येक चेंडूनंतर क्षेत्ररक्षक चेंडू आधी रोशनीकडे टाकत. ती तो पँटवर घासून गोलंदाजाला देई. मुख्य पंच देशकर यांनी चेंडू मागून घेतला. त्याच्या खरबरीत बाजूवर एक ठळक ओरखडा होता. त्यांनी तो निरखून पाहिला, चेंडू परत दिला आणि खेळ सुरू ठेवला. चेंडू मुद्दाम खराब केल्याची खात्री असती तर चेंडू बदलून पाच धावांचा दंड करण्याचा अधिकार त्यांना होता. त्यांनी तो वापरला नाही.

गडचिरोली जिंकले. व्यवस्थापकांनी आयोजन समितीच्या अध्यक्षांकडे तक्रार केली. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. मूळचे पश्चिम महाराष्ट्रातले, नोकरीच्या शेवटच्या वर्षांत इकडे आले आणि इथेच राहिले. शिस्तीचे आणि सरळ गृहस्थ. क्रिकेटची त्यांना आवड होती, पण ते स्वतः खेळलेले नव्हते. त्यांनी देशकरांना रोशनीकडे चौकशी करायला सांगितले. देशकर जाऊन आले, अध्यक्षांच्या कानाशी दोन-तीन वाक्ये बोलले, चेंडू त्यांच्या हाती दिला आणि चंद्रपूरची एसटी पकडायला निघून गेले.

अध्यक्षांनी मला मंडपात बोलावले.

"लिहून घ्या. त्या मुलीने पंचांपुढे कबुली दिली आहे. एक वर्षाच्या बंदीची शिफारस करणार आहोत. वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम."

"कबुली कोणत्या शब्दांत दिली?"

"स्वच्छ शब्दांत. 'बॉल मीच बनवला.' अजून काय पाहिजे?"

मी पान लावणाऱ्या सहकाऱ्याला फोन केला. त्याचा उत्साह फोनमधून ऐकू येत होता. आपल्या जिल्ह्यात बॉल टॅम्परिंग, तेही महिला क्रिकेटमध्ये. बातमी पहिल्या पानावर घ्यायचे ठरले. मथळाही त्याने तिथल्या तिथे केला: 'चेंडू कुरतडला, महिला खेळाडूची कबुली'. फोटो हवा होता. पान जायला फारसा वेळ नव्हता.

आरोप करणारा जबाबदार माणूस, कबुली पंचांपुढे, चेंडूवर ओरखडा. नियमाप्रमाणे फक्त दुसऱ्या बाजूचे बोलणे बाकी होते. अशा वेळी ते घेणे हा उपचार समजला जातो. आमचा छायाचित्रकार बंडूभाऊ आणि मी मैदानामागच्या रस्त्याकडे गेलो. गडचिरोलीच्या मुली टेम्पोत किट चढवत होत्या. रोशनी पॅड आवरत होती.

"तुमच्याविरुद्ध तक्रार झाली आहे," मी म्हणालो.

"हव, मालूम आहे. अंपायर सर आले होते. बॉल मायाकडंच काऊन येते म्हने."

"मग? का येतो?"

"मीच बनवतो ना जी बॉल."

तिने हे एखादी मुलगी 'भाजी मीच आणते' म्हणेल तसे म्हटले. बंडूभाऊने कॅमेरा वर केला आणि हळूच म्हणाला, "झालं भाऊ. तोंडानं बोलली. चला आता, पान जाईन."

बातमीदाराला कोण, काय, कुठे, केव्हा, का हे प्रश्न पहिल्या दिवशी शिकवतात. 'कसे' हा प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो, कारण तोवर बातमी तयार झालेली असते. त्या दिवशी तो विचारला, याचे श्रेय शहाणपणाला देता येणार नाही. मथळ्यात 'कुरतडला' हा शब्द बसला होता आणि नखाने की दाताने, एवढे बातमीत लिहावे लागणार होते.

"कशाने बनवता?"

"कायनं म्हंजे?" तिने पॅड खाली ठेवले. "पँटीवर घासून. घाम लावून. आमच्या टीममंधी मायाच हाताले घाम येत नाई, म्हून सरनं मले सांगतलं, बॉल तू बना. बाकीच्या पोरी पुरा गिल्ला करून टाकते. एक साइड सुखी ठेवा लागते ना."

"घाम कुठून आणता मग?"

"कपायाचा. तो येते." कपाळ पुसत ती हसली. शेजारच्या मुलीने गोंडीत काहीतरी म्हटले आणि सगळ्या टेम्पोभर हशा पिकला.

"आणि ओरखडा?"

तिचे हसू गेले. "तो सिक्स नाई गेला का रस्त्यावर, गिट्टीवर? तवाच खरचटला. अंपायर सरनंच तं पुसून देल्ला होता." मग पॅड उचलत ती म्हणाली, "मायाच बॉलवर गेला तो सिक्स. तेवढा नोका छापजा, भाऊ."

तो षटकार मी पाहिला होता. चेंडू सीमेबाहेर रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या गिट्टीच्या ढिगावर आदळला होता. मंडपातून मात्र तो ढीग दिसत नव्हता.

आता एका शब्दाचे दोन अर्थ समोर होते. क्रिकेटमध्ये हिंदीतून आलेल्या 'बॉल बनवणे' या शब्दाचा अर्थ चेंडूची एक बाजू राखणे, तो वळेल असा तयार करणे. मैदानावर खेळलेल्याला तो माहीत असतो. अध्यक्षांच्या मराठीत 'बनवणे' म्हणजे फसवणे. 'मला बनवू नकोस' म्हणतात तसे. रोशनीने काम सांगितले होते आणि त्यांनी गुन्हा ऐकला होता. पण हा माझा तर्क होता. आरोपी स्वतःबद्दल चांगले बोलतो, तेवढ्यावर बातमी फिरवता येत नाही. देशकरांचे बोलणे हवे होते.

त्यांचा फोन वाजत राहिला. उचलला गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. दरम्यान टेबलावरून सहकाऱ्याचा फोन आला. मी त्याला मथळा थांबवायला सांगितले. तो म्हणाला, अध्यक्ष बोललेत ना, मग आपली जबाबदारी कुठे येते? प्रश्न चुकीचा नव्हता. 'असा आरोप अध्यक्षांनी केला' असे लिहिले की वृत्तपत्र सुटते. मुलगी सुटत नाही. खुलासा चौथ्या पानावर लागतो आणि गावात पहिले पानच फिरते. तिच्यामागे सरावाला येणाऱ्या त्या दोन मुलींच्या घरी कोणते पान पोचले असते, हे सांगायला नको.

मग देशकरांचाच फोन आला. मागे एसटीचा खडखडाट होता.

"फोन खिशात होता जी, ऐकू नाई आला. बोला."

"तुम्ही अध्यक्षांना काय सांगितलंत?"

"सांगतलं का ती पोरगी म्हन्ते बॉल मीच बनवतो. म्हून बॉल तिच्याकडं जाते. काई प्रॉब्लेम नाई."

"शेवटचं वाक्य ऐकलं का त्यांनी?"

"गाडी लागली होती ना. मी चालता चालता बोललो. काऊन? काय झालं?"

"तिने चेंडू कुरतडल्याची कबुली दिली, असं ते म्हणतात. वर्षभराची बंदी."

 देशकर एवढ्या जोरात ओरडले की कंडक्टरने 'काय झालं साहेब' असे विचारलेले मलाही ऐकू आले.

"अरे, तो ओरखडा गिट्टीचा आहे! मी सोता पाह्यला! फोन द्या त्यायले, फोन द्या!"

मी फोनचा स्पीकर सुरू करून मंडपात गेलो. अध्यक्ष चहा पीत होते. शेजारी व्यवस्थापक आणि भद्रावतीची कर्णधार बसली होती. देशकरांनी एसटीतून सगळे सांगितले. अध्यक्षांनी ते पूर्ण ऐकून घेतले आणि कप खाली ठेवला.

"बनवला म्हणजे काय बनवला? चेंडू काय लाडू आहे?"

"बनवला म्हंजे मेंटेन केला साहेब! सगळेच करते!"

"सगळेच?"

व्यवस्थापक म्हणाले, "आमच्यात नाई कोनी असं करत. आमचा साफ कारभार आहे."

तेव्हा त्यांच्याच कर्णधाराने मान वर केली. हरल्यापासून ती कोणाशी बोललेली नव्हती.

"करते ना सर. आमच्यात पिंकी बनवते."

"पिंकी?"

"हव. पयल्या मॅचपासून. तुमीच तं तिले म्हनलं होतं, पोरी, पँट लय मळवतं म्हून."

मंडपात कोणी हसले नाही, कारण व्यवस्थापकांकडे पाहवत नव्हते. बंडूभाऊने तेवढ्यात अध्यक्षांना समजावण्याचे काम अंगावर घेतले.

"साहेब, आमच्या इकडं भाजी बनवते, घर बनवते, न्हाव्याकडं बाल बनवते. बॉलबी बनवते. त्यात काई वाईट नाई."

अध्यक्षांनी चेंडू हातात घेतला, गिट्टीचा ढीग कुठे आहे ते विचारले आणि एकटेच उठून तिकडे गेले. परत आले तेव्हा त्यांच्या बुटांना धूळ होती. ढिगाच्या टोकाला लाल रंग लागलेला एक खडा सापडला, असे त्यांनी सांगितले. तो त्यांनी आणला नव्हता. तक्रार फेटाळल्याचे त्यांनी व्यवस्थापकांना तिथेच सांगितले. मग माझ्याकडे वळले.

"मघाचं वाक्य तुमच्या वहीत आहे?"

"आहे."

"पेपरात?"

"नाही."

ते खुर्चीत बसले. शिस्तीचा माणूस असा मोकळा श्वास सोडतो तेव्हा तो ऐकू येतो. थोड्या वेळाने ते टेम्पोपाशी गेले. तिथे काय बोलणे झाले, ते मी ऐकले नाही. टेम्पो निघाला तेव्हा आतून गाण्याचा आवाज येत होता.

टेबलावर मी फोन करून सांगितले की पहिल्या पानाची बातमी बारगळली. सहकाऱ्याने एक शिवी दिली, मग विचारले, "पोरगी वाचली ना?" वाचली म्हटल्यावर तो म्हणाला, "बरं झालं यार. मले तो मथळा लिहितानी हात जड वाटत होता." फोनवर तर तो हलका वाटला होता, पण मी ते बोललो नाही. क्रीडा पानावर नेहमीसारखी एक साधी बातमी लागली. गडचिरोली विजयी, थोडक्यात धावफलक, रोशनीचा प्रभावी मारा. फोटोसाठी जागा उरली नाही.

माझ्या नोकरीत छापलेल्या बातम्या बऱ्याच झाल्या. त्यांतल्या अनेक आता आठवत नाहीत. न छापलेली ही एक आठवते, आणि ती आठवली की आजही हायसे वाटते. खंत एवढीच की अशा कामाचे कात्रण ठेवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात फोन आला. आवाज ओळखीचा होता आणि रागावलेला होता.

"भाऊ, रोशनी बोलून राह्यली. पेपर पाह्यला मी. आमच्या सरनं पेपर आनला, पुऱ्या टीमनं वाचला. मायी एक विकेट काऊन खाल्ली?"

मी अंक उघडला. मजकूर घाईत गेला होता. त्यात तिच्या नावापुढे तीनच बळी होते.

"अन तो सिक्स तेवढा बराबर छापला! नोका छापजा म्हनलं होतं ना!"

मी माफी मागितली. शिबिराला जाताना हे कात्रण न्यायचे आहे, म्हणून दुरुस्ती ठळक छापा, असे तिने बजावले. तशी ती छापली. सहकाऱ्याने चौकट केली आणि तिच्या गोलंदाजीचा बंडूभाऊने काढलेला फोटोही त्यात बसवला. एवढ्या आनंदाने दुसरा खुलासा मी लिहिलेला नाही:

'काल प्रसिद्ध झालेल्या महिला क्रिकेट स्पर्धेच्या वृत्तात रोशनी हिने तीन बळी घेतल्याचे म्हटले होते. ते चार असे वाचावे.'